हात किती वेळा धुतले? म्हार्दोळच्या एका घरातले दोन फोन

माझे गोव्यातल्या फोंड्यात मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. दिवसाला चार माणसे तरी काउंटरवर कोपर टेकून विचारतात, "आयफोन घेऊ की अँड्रॉइड?" मी उत्तर देतो, ते मान डोलावतात आणि शेवटी मेहुण्याने सांगितलेला फोन घेतात. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. दुकानात दहा मिनिटे हातात धरून कोणता फोन घरात चालेल हे मलाही कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात मात्र एका घरात हे नीट बघायला मिळाले. एकाच बाईने एकाच कामासाठी सहा आठवडे दोन्ही फोन वापरले. दर रविवारी दुपारी दुकान बंद करून मी तिकडे जात असे, जेवत असे आणि वहीत लिहीत असे. जेवणाचा मोह नसता तर सहाही रविवार गेलो असतो का, सांगता येत नाही.

घर

काकींचे घर म्हार्दोळला, म्हाळसेच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर. जुने चिऱ्यांचे घर, हातभर जाड भिंती, पुढे ओसरी, मागे कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग. काका गेल्यावर काकींनी मागच्या दोन खोल्या देवदर्शनाला येणाऱ्यांसाठी काढल्या. मुंबई, पुणे, बेळगावकडची कुटुंबे कुलदेवतेला येतात. मंगेशी, म्हाळसा, नागेशी, रामनाथी, कवळ्याची शांतादुर्गा असा फेरा करतात आणि रात्री इथे टेकतात. जेवण घरचे. सोमवारी शाकाहारी: खतखते, तोय, मुगागाठी. इतर दिवशी मासळी. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असल्यामुळे तेव्हा किसमूर आणि सुक्या बांगड्यावर भागवावे लागते.

सगळा कारभार फोनवर. खोली आहे का, येताना रस्ता कुठून, जेवणात आज काय, सासूबाईंना मधुमेह आहे तर भात कमी चालेल का. हे प्रश्न येतात ते बहुतेक सकाळी नऊ ते बारा आणि संध्याकाळी सहानंतर. नेमक्या त्याच वेळी काकींचे दोन्ही हात नारळात, पिठात नाहीतर राखेत असतात. या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच होती, आणि ती माझ्या लक्षात यायला एक आठवडा गेला.

दोन फोन

पहिला अँड्रॉइड. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडूनच नेलेला, साडेपंधरा हजारांचा. ६.७ इंचाचा पडदा, ५००० एमएएचची बॅटरी, दोन सिम, बोटाचा ठसा घेणारे बटण बाजूला. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल थोडे वाकडे लिहायचे आहे.

दुसरा आयफोन १३. हे मॉडेल २०२१च्या सप्टेंबरात आले. काकींच्या बंगळुरूच्या पुतण्याने नवा फोन घेतला आणि जुना कुरिअरने पाठवून दिला. १२८ जीबी, पडदा ६.१ इंच, वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आत. बॅटरी हेल्थ ८४ टक्के दाखवत होता. ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर या पिढीच्या बॅटरीत ८० टक्के ताकद उरावी असे खुद्द अ‍ॅपलच सांगते, म्हणजे वयाच्या मानाने तब्येत ठीक होती. मागची काच एका कोपऱ्यात तडकलेली, ती कव्हरखाली झाकून गेली.

वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिले होते: "आठ दिवसांत आयफोन परत कपाटात." कारणेही लिहिली होती. वय ६१, सवय अँड्रॉइडची, लिहिणे मराठीत, चार्जरची पिन वेगळी. चारही कारणे खरी निघाली, भाकीत तेवढे चुकले.

ठरवले ते असे. पहिले दोन आठवडे धंद्याचा नंबर आयफोनमध्ये, घरचा नंबर अँड्रॉइडमध्ये. पुढचे दोन आठवडे दोन्ही नंबर पुन्हा अँड्रॉइडमध्ये, आयफोन बंद. शेवटचे दोन आठवडे काकींना वाटेल तसे.

सुरुवातच गडबडीने झाली. अँड्रॉइडवरचे व्हॉट्सअ‍ॅप आयफोनवर न्यायचे तर 'मूव्ह टू आयओएस' हे अ‍ॅप वापरावे लागते. ही सोय २०२२मध्ये आली. पण आयफोन कोरा असतानाच, पहिल्यांदा सुरू करतानाच ते जमते. काकींनी उत्साहाने आधीच वायफाय टाकून फोन सुरू केला होता आणि देवीचा फोटोही लावला होता. तो पुसून पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही फोन चार्जरला लावून ओसरीवर ठेवले आणि भजीच्या दोन प्लेटी संपेपर्यंत चॅट पलीकडे गेल्या.

स्वयंपाकघर

पहिल्या रविवारी विचारले, "कसा वाटला फोन?" म्हणाल्या, "चांगला आहे." या उत्तराचा मला काही उपयोग नव्हता. जेवण वाढता वाढता मग सहज बोलल्या, "ह्या फोनाखातीर हात धुवचे पडनात." म्हणजे या फोनसाठी हात धुवावे लागत नाहीत. आम्ही बोलतो कोकणीत, लिहितो मराठीत, पण हे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले, कारण फोनची इतकी नेमकी मोजपट्टी माझ्या कोणत्याच गिऱ्हाइकाने आजवर दिली नव्हती.

मग आम्ही तेच मोजायचे ठरवले. कामाला येणारी मुलगी हुशार. चुलीजवळच्या पाटीवर तिने रेघा मारायला सुरुवात केली: फोनसाठी काकींना काम थांबवून हात धुवावे-पुसावे लागले की एक रेघ. आयफोनच्या उरलेल्या दिवसांत पाटी रोज अर्धीही भरत नसे. अँड्रॉइडच्या दोन आठवड्यांत ती दुपारीच भरायची आणि मुलगी पाटीच्या लाकडी चौकटीवर रेघा ओढायची.

कारण सरळ आहे. अँड्रॉइड उघडायला बोट लागते. नारळ खवून, भांडी घासून, कोकमे हाताळून काकींच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या आहेत. ओल्या बोटाचा ठसा तसाही लागत नाही. मी पूर्वी त्यांना दुकानातली युक्ती करून दिली होती: एकच अंगठा तीन वेगवेगळे ठसे म्हणून नोंदवायचा, एकदा कोरडा, एकदा थोडा ओला, एकदा तिरका. त्याने सुधारते, बरे होत नाही. त्या फोनला चेहऱ्याने उघडायची सोय आहे, पण ती पुढच्या साध्या कॅमेऱ्यावर चालते. पावसाळ्यात धुराने काळ्या झालेल्या त्या स्वयंपाकघरात सकाळी दहालाही संध्याकाळ असते, तिथे तो कॅमेरा काय ओळखणार? शिवाय पैशांची अ‍ॅप्स त्या ओळखीवर उघडत नाहीत.

आयफोनचे वेगळे आहे. तो चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे तीस हजारांहून अधिक ठिपके टाकतो आणि चेहऱ्याचा उठाव वाचतो. उजेड असो वा नसो. काकींनी तो साखरेच्या डब्याला आडवा टेकवून ठेवला. आयफोन १३पासून आडव्या धरलेल्या फोनवरही चेहरा चालतो, हे त्यांनी स्वतःच शोधले. मला ते त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते आणि मी या धंद्यात चौदा वर्षे आहे. डब्याकडे नजर टाकली की फोन उघडा, मग करंगळीच्या मागच्या बाजूने एक टिचकी मारली की व्हॉइस मेसेज सुरू. उत्तरही तसेच, बोलून.

उघडल्यावर मात्र दोन्ही फोन सारखेच वेडे होतात. पडद्याला बोट कळते ते बोटातून जाणाऱ्या सूक्ष्म विजेमुळे. पाण्याच्या थेंबातूनही ती जाते, म्हणून थेंबालाच तो बोट समजतो. ओल्या आयफोनने एकदा बेळगावच्या एका गृहस्थांना रात्री दहा वाजता आपणहून फोन लावला. गृहस्थ सज्जन होते, त्यांनी खोली आरक्षित केली.

दुसरी गोष्ट पाण्याची. आयफोन १३ला आयपी ६८ दर्जा आहे: सहा मीटर पाण्यात तीस मिनिटांपर्यंत टिकेल अशी प्रयोगशाळेतली चाचणी. पुतण्याने हे सांगितल्यापासून काकी पीठ लागलेला फोन चक्क नळाखाली धरू लागल्या. माझ्या पोटात गोळा आला. चाचणी कोऱ्या फोनची आणि साध्या पाण्याची असते. याचे पाणी अडवणारे रबर चार वर्षांचे, मागची काच तडकलेली, आणि आमच्याकडे मिठाचे पाणी, सोलकढी, फेणी असे काय काय सांडते. पाण्याने बिघडलेला फोन वॉरंटीत तर सहसा कोणी घेत नाही. हे सगळे सांगितल्यावर काकी म्हणाल्या, "मग पुसते." पण पुढच्या रविवारी पुन्हा नळाखालीच.

एका रात्री त्याने चार्जिंग घ्यायला नकार दिला: पिनमध्ये ओल आहे, थांबा. ही सूचना तो मुद्दामच देतो, ओल्या पिनला वीज मिळू नये म्हणून. काकींनी तो तांदळाच्या डब्यात खुपसायची तयारी केली होती. मी फोनवरूनच ओरडलो. आमच्याकडे हा घरगुती उपाय फार. माझ्या टेबलावर येणाऱ्या भिजलेल्या फोनांपैकी कित्येकांच्या पिनमधून मी चिमट्याने तांदळाची कणी काढली आहे. अ‍ॅपलनेही तांदूळ नको असेच सांगितले आहे. पिन खाली करून हळू थोपटायचे आणि वाऱ्यावर ठेवायचे, बस. सकाळपर्यंत सुकला.

आकाराचेही सांगायला हवे. काकी घरात गाउन घालतात, त्याला उजवीकडे खिसा. अँड्रॉइड त्यात घातला की गाउन एका बाजूने ओढला जातो आणि वाकले की फोन बाहेर. आयफोन आत बसतो. कागदावर फरक अर्ध्या इंचाहून थोडाच जास्त आहे. अँड्रॉइडचा पडदा मी त्यांना दोनदा बदलून दिला आहे, दोन्ही वेळा तो याच खिशातून पडला होता.

ओसरी

एवढे वाचून आयफोन जिंकला असे वाटेल. आता ओसरीवर या.

ओसरीवर काकी बसून काम करतात: हिशेब, पैसे, येणाऱ्यांशी बोलणे, लिहिणे. आणि तिथे त्या दोन आठवड्यांत आयफोनने त्यांना रडवले म्हटले तरी चालेल.

पहिली अडचण अंगठ्याची. अँड्रॉइडच्या तळाशी तीन बटणे असतात, त्यातले मागे जायचे बटण काकींच्या अंगठ्याला पाठ. आयफोनमध्ये तसे सगळीकडे चालणारे बटणच नाही. कुठे वर डाव्या कोपऱ्यात बाण, कुठे डावीकडून सरकवायचे, कुठे खाली ओढायचे. दोन आठवडे काकींचा अंगठा त्या रिकाम्या जागेवर आपटत होता. शेवटच्या दिवशीसुद्धा.

दुसरी मराठीची. काकी टाइप करत नाहीत, बोलतात. गुगलने २०१७मध्ये मराठी बोलून लिहायची सोय दिली. ती काकींना कोणी शिकवली कोण जाणे, पण एवढ्या सवयीच्या झाल्यात की "स्वल्पविराम" असेही म्हणतात आणि तो शब्द अक्षरांत उमटला की पुसतात. आयफोनवर मी त्यांना तोच गुगलचा कीबोर्ड घालून दिला. पण आयफोन बाहेरच्या कीबोर्डला थेट मायक्रोफोन वापरू देत नाही. माइकचे बटण दाबले की पडदा क्षणभर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो, तिथे ऐकतो, मग परत. तेवढ्यात काकी पहिले तीन शब्द बोलून मोकळ्या. एका पुणेकर कुटुंबाला "खोली रिकामी आहे" ऐवजी नुसते "आहे" गेले. त्यांनी पाच प्रश्नचिन्हे पाठवली. आणि पासवर्ड टाकायची वेळ आली की आयफोन आपलाच कीबोर्ड पुढे करतो, म्हणजे पुन्हा अक्षरे शोधा.

तिसरी अडचण पैशांची, आणि हिची जबाबदारी थोडी माझी. यूपीआय सुरू करताना फोनमधल्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जातो. नंबर आणि फोन एकमेकांना बांधले जातात ते त्याने. अँड्रॉइडवर परवानगी दिली की अ‍ॅपच तो पाठवते. आयफोनवर मेसेज लिहून समोर येतो आणि पाठवायचे बटण आपण दाबायचे. काकींना तो कोणा फसव्याचा वाटला, त्यांनी तीनदा मागे घेतला. त्यांची सावधगिरी बरोबर होती, मीच आधी सांगायला हवे होते. पुढे कळले की नवा फोन जोडल्यावर त्यांच्या बँकेत सुरुवातीला ५००० रुपयांपलीकडे रक्कम जात नाही. अँड्रॉइडला हे बंधन २४ तासांचे, आयफोनला ७२ तासांचे. तांदूळवाल्याचे साडेसात हजार द्यायचे होते. काकींनी देवघरातल्या डब्यातून काढून रोख दिले आणि माझ्याकडे असे बघितले की मी चहा अर्धा टाकून उठलो.

अनोळखी नंबरांचे असे. अँड्रॉइडवर ट्रूकॉलर वाजतानाच नाव दाखवतो, आणि धंद्याच्या नंबरावर निम्मे फोन अनोळखीच. आयफोनवर वाजतानाच नाव शोधून दाखवायची सोय २०२५च्या जानेवारीत आली, तीही मुख्यत्वे पैसे भरणाऱ्यांसाठी. काकींनी भरले नाहीत. "कर्ज पाहिजे का" विचारणाऱ्या मुलीशी त्या एकदा दहा मिनिटे खोलीच्या भाड्याबद्दल बोलत होत्या.

फोटोंबद्दल थोडक्यात. रात्रीच्या समईच्या उजेडात आयफोन पुढे, यात वाद नाही. पण जेवणाचे ताट काकींना अँड्रॉइडचेच आवडते, कारण तो सोलकढी आहे त्याहून गुलाबी दाखवतो. "खावंशी वाटली पायजे मरे," हा त्यांचा निकष. आयफोनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून फोंड्याच्या छपाईवाल्याला पाठवला, तर त्याच्या संगणकावर उघडेना. आयफोन २०१७पासून फोटो वेगळ्या, कमी जागा खाणाऱ्या प्रकारात साठवतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एक पर्याय बदलला आणि प्रश्न मिटला.

आता अँड्रॉइडबद्दलचे वाकडे. त्या फोनमध्ये कंपनीने आधीच भरलेली डझनभर अ‍ॅप्स आहेत आणि ती रोज काहीतरी विकायला येतात. फोन उघडल्या उघडल्या जुगाराच्या खेळाची जाहिरात, खाली बारीक फुली. काकी फुली दाबायला जातात आणि जाहिरात उघडते. मी दर सहा महिन्यांनी बसून हे सगळे बंद करून देतो, अपडेट आला की निम्मे परत चालू होते. आयफोनमधून परत आल्यावर काकींना हे पहिल्यांदा खुपले. त्याआधी त्यांना वाटायचे, फोन म्हणजे असेच असते.

लाइट गेली तो दिवस

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराच आमच्या फोंडा महालातच पडतो की काय असे जुलैत वाटते. दुपारी झाड तारांवर पडले, लाइट गेली, ती रात्री अकराला आली.

त्या जाड चिऱ्यांच्या घरात मोबाइलची रेंज तशीही पातळ. काकींचे फोन चालतात ते घरच्या वायफायवरून, वायफाय कॉलिंगने. ते दोन्ही फोनांवर आहे. पण लाइट गेली की राउटर गेला आणि राउटर गेला की वायफाय कॉलिंग गेले. धंद्याचा नंबर ज्या कंपनीचा, तिचा टॉवर त्या दिवशी घरात एक काडीही देत नव्हता. आयफोन साखरेच्या डब्याला टेकून गप्प. संध्याकाळी पुण्याचे कुटुंब म्हातारे आईवडील घेऊन फोंड्याच्या बसस्टँडवर उभे, फोन लागेना. नशिबाने काकींच्या कार्डावर दोन्ही नंबर छापले होते. घरचा नंबर दुसऱ्या कंपनीचा, तो अँड्रॉइडमध्ये, ओसरीच्या पायरीवर दोन काड्या दाखवत होता. तो वाजला.

आयफोन १३मध्ये सिमचा खण एकच. दुसरा नंबर ई-सिम (कार्डाशिवाय चालणारे सिम) करून घालावा लागतो. ते करता आले असते, पण सहा आठवड्यांच्या प्रयोगासाठी कोण करणार म्हणून आम्ही टाळले. तेव्हा हा गुण अँड्रॉइडचा निम्मा आणि आमच्या आळसाचा निम्मा.

बॅटरीचे सांगायला नकोच. रात्री अकराला अँड्रॉइडमध्ये ३८ टक्के होते. आयफोन नवाला झोपला. घरात त्याची केबल एकच होती, आणि ती दोनच दिवसांपूर्वी एका पाहुण्याने आपली समजून बॅगेत भरून मुंबईला नेली होती. बाकी सगळ्या घराला टाइप-सी, शेजारच्यांकडेही टाइप-सी. अ‍ॅपलने टाइप-सी दिली ती २०२३च्या आयफोन १५पासून. म्हणजे पॉवर बँक हजर असूनही हा फोन उपाशी.

शेजार

वहीची एक बाजू मी वेगळ्या गोष्टीसाठी ठेवली होती: फोन अडला तेव्हा कोणी सोडवला. फारसा विचार न करता आखलेला रकाना होता. शेवटी सगळ्यांत जास्त तोच वाचून काढला.

अँड्रॉइडच्या बाजूला नावांची जत्रा आहे. शेजारचा सातवीतला मुलगा. म्हार्दोळच्या तिठ्यावरचा फुलवाला. दूध टाकणारा. एकदा तर कदंबचा कंडक्टर, बस थांबलेली असताना. एका पाहुण्यांची सून. काम कोणी थांबवले नाही, कोणी मोठे केले नाही. फोन हातात घेतला, दोनदा बोट फिरवले, परत दिला.

आयफोनच्या बाजूला दोनच नोंदी आलटून पालटून: मी आणि पुतण्या. शेजारच्या मुलाने एकदा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि "काकी, हा मला येत नाही" म्हणून इतक्या आदराने टेबलावर ठेवला, जणू काचेचे भांडे. पुतण्या बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर मदत करायचा. ज्या फोनवर अडचण त्याच फोनवर तो बोलणार, मग त्याला पडदा दिसणार कसा? काकी अँड्रॉइडवरून त्याला व्हिडिओ कॉल लावत आणि अँड्रॉइडचा कॅमेरा आयफोनवर धरत. दोन्ही हात फोनांत अडकलेले, तिसरा हात नाही. पुतण्या सांगायचा "वर उजवीकडून ओढ" आणि काकी कॅमेराच ओढायच्या.

मी दुकानात फोन विकतो तेव्हा ही गोष्ट कधीच मोजली नव्हती. काकींच्या वाड्यावर वीस-बावीस घरे. त्यांतले सगळे अँड्रॉइड वापरतात, बाजारातला सगळ्यांत स्वस्त ते तीस हजारांचा. काकींना फोन येतो असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे तो वाड्याला येतो आणि काकींना त्यातला वाटा मिळतो. माझ्या चारही कारणांत हे नव्हते.

परत, आणि मग दोन्ही

तिसऱ्या आठवड्यात धंद्याचे सिम अँड्रॉइडमध्ये परत गेले. जुने व्हॉट्सअ‍ॅप होते तसे उघडले, पण दोन आठवड्यांपूर्वीपर्यंतचेच. मधले सगळे आयफोनमध्ये राहिले. ते आधीपासूनच भरलेल्या अँड्रॉइडमध्ये मिसळून घ्यायचा सोपा मार्ग नसतो. मी चार-पाच महत्त्वाच्या चॅट आधी एक्स्पोर्ट करून ठेवल्या होत्या, उरलेल्या गेल्या. मला घाम फुटला: आरक्षणे! काकी शांतपणे उठल्या आणि भिंतीवरचे कालनिर्णय काढून आणले. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने: "पुणे ४, वरची खोली", "कारवार ६, मासे नाही". माझ्या बॅकअपपेक्षा त्यांचा पुढे होता.

त्या दोन आठवड्यांत ओसरी शांत झाली आणि स्वयंपाकघरात पाटी पुन्हा भरू लागली. चौथ्या रविवारी काकींनी आपणहून विचारले, "तो धाकटा परत चालू करतोस?"

शेवटी बसवले ते असे. दोन्ही नंबर अँड्रॉइडमध्ये. २०२३पासून अँड्रॉइडच्या एकाच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन खाती चालतात. आयफोनमध्ये सिम नाही. त्यावर धंद्याच्या नंबराचे व्हॉट्सअ‍ॅप 'लिंक' करून दिले. एकच खाते दुसऱ्या फोनवरही उघडायची ही सोयही त्याच वर्षीची. मुख्य फोन चौदा दिवस वापरला नाही तर जोड तुटते, पण इथे तो रोजच चालतो. आयफोन वायफायवर, साखरेच्या डब्याला टेकून. काकी तिथे व्हॉइस मेसेज ऐकतात, बोलून उत्तर देतात; लिहायचे, पैशांचे, अनोळखी फोन सगळे ओसरीवर. लाइट गेली की आयफोनचा उपयोग घड्याळाइतकाच, ते काकींना मान्य आहे.

पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो थोडा नाराज झाला. एवढा फोन सिमशिवाय, डब्याला टेकवून? माझेही मन आधी तयार नव्हते. आयफोन विकून त्या पैशांत पाण्याला टिकणारा, चांगल्या कॅमेऱ्याचा एकच अँड्रॉइड घ्यावा, दोन फोनांचा कारभार कशाला, असे मी सुचवून पाहिले होते. काकींनी विचारले, "तो अंधारात ओळखणार मला?" त्या किमतीत चेहऱ्याचा उठाव वाचणारा माझ्याकडे एकही नव्हता. मी विषय बदलला.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या रविवारी शेवटचा गेलो. दोन केबली नेल्या होत्या, एक घरासाठी आणि एक पाहुण्यांनी न्यायची म्हणून. काकी गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीच्या सामानाची यादी अँड्रॉइडवर बोलून लिहीत होत्या, आतून आयफोनवर कोणाचा तरी व्हॉइस मेसेज वाजत होता आणि मुलगी नारळ खवत तो ऐकत होती. चुलीजवळची पाटी पुसलेली होती. आता तिच्यावर दुधाचा हिशेब आहे.